दुसरा डबा तसाच आहे

जव्हार, ता. ११ मे
दुपारचे अडीच-तीन असतील

सोमीताईस,

तुझ्या धाकट्या तुकाचा रामराम. मी बरा आहे. तूही बरी असशील असं लिहायचं असतं, पण चार दिवस दवाखान्यातल्या बाकड्यावर झोपून तू कशी बरी असशील? आईला पाया पडतो म्हणून सांग. दारच्या फणसाला यंदा किती धरले? सूर्यमाळला टँकर येतो, की अजून विहिरीत उतरायला लागतं?

वरची जागा वाचून दचकू नको. मी जव्हारलाच आहे. सकाळी नऊच्या गाडीने उतरलो. डेपोपासून दवाखाना दहा मिनिटं, मला ठाऊक आहे. निघालोही होतो. वाटेत एक बाई करवंदं विकत होती, ती घेतली, खात खात चाललो आणि पाय दुसऱ्याच रस्त्याला लागले. आता सनसेट पॉइंटच्या अलीकडे दगडावर बसलोय. तुझे सात मिसकॉल दिसतात. फोनवर तू आधी ओरडशील, मग रडशील. म्हणून लिहितोय.

कागद गोरखचा. आपल्या पाड्यातला गोरख, जीपवाला. पाहुणे फिरवायला आला होता, मला बघून म्हणाला, "म्हातारा तिथं अडून बसलाय आन् तू हितं करवंदं खातोस व्हय रे?" पाहुण्यांचे फोटो होईपर्यंत थांबतो म्हणाला. म्हणून घाईत आहे. अक्षर लावून घे.

तू फोनवर सांगितलंस तेच त्यानं परत सांगितलं. बाच्या पायाला काट्याची जखम, त्यात साखर, आता पाय गुडघ्याखाली कापायला लागेल, नाहीतर विष वर चढेल. आणि बा कागदावर अंगठा देत नाही. म्हणतो, "तुकाला येऊंदे. तो दुनिया फिरलाय. तो सांगल तसं."

ताई, कसली दुनिया? भिवंडीला वीटभट्टी, नाशिकला द्राक्षं, मग होडीवर, मग लोणावळ्याला तंबू ठोकायला. कुठं सहा महिने टिकलो नाही. होडीवर एक म्हातारा होता, त्याला पोहता येत नव्हतं, चाळीस वर्षं समुद्रात! ते राहू दे. मला यातलं काय कळतं? मी कापा म्हणालो आणि तो वाचला नाही तर? नको म्हणालो तर?

आता जे सांगायचं टाळतोय ते सांगतो. मी प्यायलोय. एक डबा.

हल्ली ठाण्याच्या बाहेर बिअरच्या छोट्या कारखान्यात टाक्या धुतो. निघताना शेठनं दोन डबे दिले, "घर जा रहा है ना, ले जा, टेन्शन में काम आएगा." ओल्या फडक्यात गुंडाळून आणले, तरी कोमटच झाले. ही दुकानातल्यासारखी पाणचट नसते. यात हॉप्स नावाची परदेशी फुलं घालतात. पहिला घोट एवढा कडू की बा लहानपणी नाक दाबून काडेचिराईताचा काढा पाजायचा, तोच आठवला. मग मागून वास येतो, संत्र्याच्या सालीचा, कैरीच्या चिकाचा. खोटं नाही सांगत, लई बरं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदा छातीतलं मोकळं झालं. बा तिकडं पडलाय आणि मला चव लागतेय, याचं काय करू?

पण खरं ते पुढंच आहे. पिण्याआधी मी दोन थेंब भुईवर सांडले. आपल्यात सांडतात तसेच. बा मोहाची प्यायच्या आधी पळसाच्या पानातून सांडायचा आणि गेलेल्यांची नावं घ्यायचा, तशी मीपण घेतली. आजा ढवळू, आजी रुपी, पोश्याकाका. आणि त्याच दमात तोंडातून गेलं, देवजी.

बाचं नाव, ताई. जित्या माणसाचं.

थेंब मातीत जिरले पण. बोटानं माती उकरली, येड्यासारखी. मला तो जायला हवाय का? म्हणजे कापा की नको, ते सांगायलाच लागणार नाही, असं? मला खरंच कळत नाही. तासभर तिथंच बघत बसलो. मुंग्या आल्या होत्या.

दुसरा डबा तसाच आहे. तो घेऊन येतोय. पाजणार नाही, डॉक्टरीणबाईंना सांग हवं तर. बाला खिडकीशी बसव, बाहेर माती असेल तिथं. त्याच्या हातानं दोन थेंब सांडू दे आणि आजाचं नाव त्यालाच घेऊ दे. सांडणारा जिता असतो, एवढं तरी पितरांना कळेलच ना? वास बघून म्हणेल, "हे काय कडू मूत आणलंस रे?" म्हणू दे.

मग तो विचारेल, तुका, कापू देऊ का? तेव्हा मी सांगेन, कापू दे बा. सांडायला पाय लागत नाही, हात लागतो. एवढंच येतं मला. दुनियेत कुठं शिकलो नाही, बा, तुझ्याकडं बघून शिकलो, असंही म्हणेन. जमलं तर.

गोरख हॉर्न मारतोय. मी त्याच्याच जीपमधून दवाखान्याच्या फाटकापर्यंत येतो. चिठ्ठी आत तो देईल. वाचून बाहेर ये, एकट्यानं आत यायला माझे पाय उचलत नाहीत.

फाटकापाशी उभा असलेला,
तुझा तुका