दुपारचं रिकामं मैदान

प्रिय सेनापती,

पत्र बघून दचकली असशील. रोज संध्याकाळी फोनवर डोकं खाणारी बाई आज कागद घेऊन का बसली, म्हणशील. कारण आहे, पण मला जरा वळसे घेत येऊ दे. आधी तुझी तब्येत. तुझी लेक म्हणाली, आई आता काठीवर चालते आणि जावयाला हुकूम सोडायला लागली आहे, म्हणजे खुबा चांगलाच जुळला म्हणायचा. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, पण मऊ, सपाट जमिनीवर, रस्त्यावर अजिबात नको, हेही तिनं मला बजावलं. तशी जागा असेल तरच आईला परत पाठवते म्हणाली. मी हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि धुतलेली भांडी उगाच परत धुतली.

तुझ्या घरी सगळं ठीक आहे. कुंड्यांना पाणी घालते, खिडक्या उघडून हवा येऊ देते. बागेबाहेरचा फुटपाथ मात्र तसाच उखडलेला आहे आणि तू पडलीस ती फरशी अजून डुगडुगते. मी तिथून जाताना मान दुसरीकडे वळवते. एवढी मोठी सार्वजनिक बाग, तिचा बहुतेक भाग कुंपण घालून गोल्फवाल्यांना, आणि चालणारे, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, कुत्री फिरवणारे असे आपण सगळे त्या चिंचोळ्या पट्टीवर एकमेकांना कोपरं मारत. आठवतं ना, कुंपणाला नाक लावून तू तळ्याकाठचं गवत बघायचीस आणि गोल्फवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचीस. मीही हो ला हो करायचे. मनापासून करायचे गं, ते खोटं नव्हतं.

मग तू पडलीस, आणि हॉस्पिटलच्या खाटेवरून फर्मान काढलंस की आपल्यातलं कुणीतरी आत शिरलं पाहिजे. मैदान दिवसभर भरलेलं असतं असं गोल्फवाले पालिकेला सांगतात, ते खरं की खोटं बघून ये, दुपारी नवशिक्यांना सवलतीत घेतात, दे नाव. दिलं. तिकिटाच्या खिडकीमागे जन्म गेला माझा, हातात काठी धरली असेल ती जळमटं काढायला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, खांदे सैल सोडा. पहिले कितीतरी फटके हवेतच गेले, एकदा तर चेंडू जागेवर आणि गवताचा गड्डा उडून माझ्याच डोक्यावर. आणि मग एक लागला. अगं, काय सांगू तुला! टक् असा बारीकसा आवाज आला आणि चेंडू तळ्यावरून पार पलीकडे. माझ्या हातून आजवर काही इतकं लांब गेलं नव्हतं. शिकवणी संपली तरी मी जात राहिले. तुझ्या भावोजींना सांगते, हेरगिरीला चालले. ते म्हणतात, हेराला नवे बूट लागतात वाटतं.

आता खरं सांगते. दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. सकाळी रांग लागते, पण जेवणवेळ टळली की सगळं मैदान मोकळं. मी एकटी असते. कुणी सुट्टे मागत नाही, कुणी चष्मा कुठे ठेवला विचारत नाही, घरातल्या कुणालाही मी हवी नसते. तू फोनवर विचारायचीस, काय गं, किती जण होते? मी आधी म्हटलं, अजून अंदाज येत नाही. मग म्हटलं, असतात बरेच. किती सहज निघालं तोंडातून! आणि तू म्हणालीस, जाऊ दे, तू उन्हात फार दमू नकोस. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मागच्या आठवड्यात मैदान सगळ्यांना खुलं करायच्या आपल्या अर्जावर पालिकेत सुनावणी झाली. उद्यान अधिकाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: सकाळ गोल्फची, आणि दुपारी मैदान रिकामं असेल तर तळ्याकडचा अर्धा भाग दुपारपासून सगळ्यांना खुला. त्यांनी माझ्याकडेच बघून विचारलं, चालणाऱ्यांतल्या तुम्ही एकट्या आत जाता, दुपारी काय परिस्थिती असते? सगळी आपली माणसं माझ्याकडे आशेनं बघत होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, कधी असतात, कधी नसतात, सांगता येत नाही. गोल्फवाल्यांचे सचिव मान डोलवायला लागले आणि निर्णय सोमवारवर गेला. तुला मी एवढंच सांगितलं की पुढे ढकललं. त्यावर तू म्हणालीस, तू होतीस म्हणून निदान फेटाळलं तरी नाही. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. तुला पाय टाकायला जी एकच जागा आहे, ती मी अडवून बसले आहे, आणि वर तुझ्याकडून शाबासकी घेते आहे. लाज वाटते गं. भयंकर लाज वाटते. आणि तरीही, कालच्या दुपारी मी जाऊन खेळून आले.

सोमवारी मला पुन्हा विचारतील. खरं सांगायचं मी पक्कं ठरवलंय, पण मागच्या वेळीही घरून निघताना पक्कंच ठरवलं होतं. माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. म्हणून हे पत्र आजच टपालात टाकते आहे. सोमवारच्या आत ते तुझ्या हातात पडेल, आणि एकदा तुला कळलं की मग तिथे उभं राहून मला खोटं बोलता येणार नाही. वाचल्यावर फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी रडून, गोड बोलून यातूनही सुटून जाईन. तुला जे काही बोलायचंय ते इथे आल्यावर, तळ्याकाठी चालताना बोल.

तुझीच (असं लिहायचा हक्क अजून आहे असं धरून),
शेजारीण