फाटकवाल्याचा शेवट

आये, तुला वाचता येत नव्हतं, आणि आज पहिल्यांदाच मला त्याचं बरं वाटतंय. तू समोर असतीस तर हे तोंडानं सांगावं लागलं असतं. ते माझ्याच्यानं झालं नसतं.

तुला जाऊन चौदा वर्षं झाली. मी पदवीधर झाले, आपल्या घरातली पहिली. त्या दिवशी बाबांनी होडी काढली नाही, एवढंच केलं. दिवसभर ओट्यावर बसून राहिले. आता मी आगरदांड्याजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा हॉलच्या खिडक्यांना काळे कागद लावून मुलांना पिक्चर दाखवते. मुख्याध्यापक म्हणतात, "मॅडम, पोर्शन राहिलाय तुमचा." मी त्यांना सांगते, सर, माणसाच्या तोंडाकडे नीट बघायला शिकवणं हाही पोर्शनच आहे. ते हसतात आणि हॉलची चावी देतात. यंदा मी मुलांना एक काम दिलं. चित्रपटांच्या सगळ्या इतिहासातली, तुम्हाला विसरता न येणारी एक व्यक्तिरेखा निवडा, आणि का विसरता येत नाही ते एका कार्डावर लिहा. आठ दिवसांत भिंत भरली. कुणी डाकू लिहिला, कुणी बोलणारं अस्वल, कुणी परग्रहावरचा सैनिक. नववीतल्या एका मुलीनं एका पिक्चरमधली आई लिहिली. कारण काय, तर "ती रडते तेव्हा पण तिची भाकरी करपत नाही." मुलं विचारतात, मॅडम, तुमचं कार्ड कुठाय? माझं कार्ड दोन महिने कोरं आहे. नाव ठरलेलं आहे, पण 'का' या रकान्यात काय लिहायचं ते ठरत नाही.

तुझा फाटकवाला, आये. रेल्वेच्या फाटकावरचा तो काळा, किडकिडीत माणूस, हातात हिरवा कंदील. मी त्याला पडद्यावर पाहायच्या कितीतरी आधीपासून ओळखत होते. आपल्या दारापुढच्या दोरीवर बोंबील टाकायचे दिवस. तू एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतेस आणि जोडी दोरीवर टाकतेस, हात थांबत नाहीत, आणि तोंडानं पिक्चर सांगतेस. चार-पाच बाया तुझ्याभोवती, मी पाटी सरकवायला. खाडी ओलांडून माणगावच्या बाजाराला तू सुकी मासळी घेऊन जायचीस, ती खपली की तिथल्या टॉकीजमध्ये दुपारचा खेळ बघायचीस. पोस्टरवरची अक्षरं तुला कळत नव्हती, तू चित्रातली तोंडं बघून पिक्चर निवडायचीस. आणि मग पुढचे पंधरा दिवस ती माणसं आपल्या दारात यायची. पांढरे बूट घालणारा तो खलनायक शेवटी कोळीवाड्यात येतो, बूट चिखलात रुततात, आणि तो खाली बसून स्वतःच्या हातानं ते धुतो, मग बर्फाच्या कारखान्यात कामाला लागतो. बाया हसून लोळायच्या. नवऱ्याची वाट बघणारी ती स्टेशनावरची बाई एक दिवस वाट बघायची सोडते आणि खानावळ काढते. आणि फाटकवाला, ज्याचं सगळं आयुष्य येणाऱ्या गाड्या मोजण्यात गेलं, त्याची बदली होते, अशा गावी जिथं गाडीच नाही. तिथं तो वांगी लावतो. पण गाडीची वेळ झाली की वाफ्यातून उठतो, उजवा हात वर करतो, थोडा वेळ तसाच उभा राहतो आणि पुन्हा खाली बसतो. हे सांगताना तू बोंबील खाली ठेवून हात वर करून दाखवायचीस. कोपरापर्यंत खवले चिकटलेला तुझा हात. पुढे कॉलेजात जगभरचे मोठमोठे चित्रपट बघितले, त्यांच्यावरची पुस्तकं वाचली, पण हात वर करणारा माणूस म्हटलं की मला तूच दिसतेस.

मी सातवीत होते. एका रविवारी सरकारी नोकरीतल्या शेजाऱ्यांच्या टीव्हीवर तोच पिक्चर लागला. मी त्यांच्या दारात बसून पाहिला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तू दोरीपाशी होतीस, आणि किहीमकडून नवीन लग्न होऊन आलेली एक सून तुला विचारत होती, "मंग पुढं काय झालं त्या फाटकवाल्याचं?" तिचा नवरा पहिल्यांदाच आठ दिवसांसाठी बोटीवर गेला होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तू तिला वांग्यांचं सांगितलंस. हात वर केलास. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्या मनात काय आलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. शाळेत नुकतंच शिकवलं होतं, नेहमी खरं बोलावं. मी दप्तर न काढताच म्हणाले, "खोटं आहे. तो मरतो. फाटकात अडकलेल्या पोराला वाचवताना गाडीखाली जातो. मी टीव्हीवर बघितलाय, शेवटपर्यंत."

मग शेजारची काकी म्हणाली, "काय गो, इतकी वर्सं येड्यात काढलंस व्हय आमाला? तरी मी म्हनते, हिच्या पिच्चरात कुनी मरत कसा न्हाय." सगळ्या हसल्या. ती नवी सून हसली नाही, तिनं पदर तोंडाला लावला. तू पाटीतला बोंबील उचललास, दुसऱ्यात अडकवलास, दोरीवर टाकलास. "तिनं बघितलाय ना," म्हणालीस, "मंग तिचंच खरं." रात्री मला जेवायला वाढताना एवढंच बोललीस, "शिकतेस ते बरंच हाय. पन चारचौघांत मानूस असा मारू नये." मी मान खाली घालून भात खाल्ला. मला वाटलं, चूक पकडली म्हणून तुला राग आलाय. त्यानंतर तू कधी पिक्चर सांगितला नाहीस. बाया विचारायच्या, "सांग ना गो काहीतरी." तू म्हणायचीस, "माज्या पोरीला इचारा, तिला सगळं म्हाईत." बोंबील दोरीवर पडत राहायचे. इतक्या बाया आणि एवढी शांतता, असं आपल्या दारात त्याआधी कधी नव्हतं.

दोन वर्षांनी तू दवाखान्यातल्या खाटेवर होतीस. हात इतके बारीक झाले होते की बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या होत्यास. मी पुस्तक घेऊन शेजारी बसले होते. तू छताकडे बघत एकदम विचारलंस, "तो फाटकवाला. तो पोर वाचला का गो?" मी म्हणाले, वाचला. "आनि तो गेला?" मी म्हणाले, हो, गेला. "मंग बरं," म्हणालीस, "फुकट न्हाय गेला." मला त्या वेळी वाटलं, आईनं अखेर मान्य केलं. आये, तुझ्या शेवटच्या आठवड्यात मला असं काहीतरी वाटलं होतं. त्या गोष्टीचा मला थोडा आनंद झाला होता, हेही लिहून ठेवते.

गेल्या महिन्यात मी तुझ्या बाजारातल्या मैत्रिणीकडे गेले होते. मावशी आता थकलीय, पण तोंड तसंच आहे. मी तिला मुलांच्या भिंतीबद्दल सांगितलं, फाटकवाल्याबद्दल सांगितलं, आणि सहज म्हणाले, आई शेवट बदलून का सांगायची कोण जाणे. मावशी माझ्याकडे बघतच राहिली. "शेवट? आमी शेवट कदी बघितलाय? अडीचची यष्टी चुकली तर दिघीची शेवटची लाँच कोन थांबवनार, तुजा बाप?" मध्यंतर झालं की दोघी एकेक वडापाव घ्यायच्या, आत येऊन थोडा वेळ बसायच्या आणि उठायच्या. मागची माणसं म्हणायची, बायांनो, बसा की, खरी मजा आता हाय. "मी पाट्या उचलून पुढं जायची," मावशी म्हणाली. "तुजी आय दारात उभी. पडदा धरून मागं बघत ऱ्हायची. डोरकीपर हाकलायचा तवा निघायची." यष्टीत तू बोलायची नाहीस म्हणे. दिघीला लाँचमध्ये बसलीस की सांगायला सुरुवात. मावशीनं एकदा विचारलंही होतं, तुला गो कसं ठावं पुढचं? तू म्हणालीस, "त्याचा तोंड न्हाय बघितलास? तसला मानूस मरत न्हाय."

म्हणजे तू बदलत नव्हतीस काहीच. तू माणसाच्या तोंडावरून त्याचं पुढचं आयुष्य ओळखायचीस, माझ्या मुलांना मी जे शिकवू बघते तेच. आणि दवाखान्यात तू काही मान्य करत नव्हतीस. तुला खरोखरच माहीत नव्हतं. इतकी वर्षं तू त्या दारात उभी होतीस, आणि ज्या एका माणसाला शेवट ठाऊक होता त्याला विचारलंस. 'आमी अर्धाच बघतो' एवढं त्या दिवशी बायांपुढे म्हणाली असतीस तर तू खोटी ठरली नसतीस. पण मासळी विकणाऱ्या बाईला अर्ध्या खेळातून उठून जावं लागतं, हे तुला पोरीसमोर सांगायचं नसावं.

मी तो पिक्चर शोधून काढला. जुना आहे, फारसा कुणाला आठवत नाही, कुठल्याही यादीत नाही. पेन ड्राइव्हवर घेऊन तीन शनिवार शाळेत गेले आणि तिन्ही शनिवारी मुलांना दुसरंच काहीतरी दाखवलं. घरी एकदा लावून बघितला. मध्यंतरानंतर थोडा वेळ जातो, फाटकवाला कंदिलाची काच पुसत बसलेला आहे. त्याचं तोंड जवळून दिसतं. तिथं मी बंद केला. तू साधारण तिथंच उठत असशील.

हे पत्र मावशीला वाचून दाखवावं असं वाटलं होतं. नाही दाखवणार. तिनं एकच प्रश्न विचारला असता, आणि तो तूही विचारायला हवा होतास, पण तुझा माझ्या शिक्षणावर फार विश्वास होता. त्या रविवारी, आये, मध्यंतरानंतर थोड्याच वेळात लाईट गेली. शेजाऱ्यांनी दार लावून घेतलं, मी घरी आले. फाटकवाला मरतो हे मला दुसऱ्या दिवशी शाळेत वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं. तिनं तरी पाहिलं होतं का, ते मी तिला विचारलं नाही.