कानाखालचे मणी

१४ सप्टेंबर

घाट उतरून गावात शिरलो आणि गाव पाहताक्षणी आवडलं. दवाखाना बैठा, नुकताच चुना दिलेला. ऑपरेशनच्या खोलीत नदीकडून छान उजेड येतो. नर्स झुरा-एजे (एजे म्हणजे ताई) वयानं मोठ्या आणि तोंडानं फटकळ; रुमाल कामातही गालावर ओढलेला. म्हणाल्या, आम्ही डॉक्टर मागितला, राजधानीनं, बिश्केकनं, शाळकरी पोर पाठवलं.

संध्याकाळी माझ्यासाठी मेंढा कापला. पाहुण्याचा मान म्हणून शिजलेलं डोकं माझ्यापुढे आलं. मी रीतीप्रमाणे कान कापून यजमानांच्या नातीला दिला. शेजारी तोक्तोसुन-अता, सगळ्या गावाचे बाबा, इथले जुने सर्जन, यंदाच निवृत्त झालेले. त्यांनी त्याच डोक्यात कानाखाली अंगठा खुपसला आणि लाळेची ग्रंथी अख्खी बाहेर काढली. म्हणाले, कुबात बाळा, सुरी कशाला हवी, जर्दाळूतल्या बीसारखी गाठ निघते बघ. सगळे हसले. बायका रुमालाच्या टोकानं अर्धा चेहरा झाकून हसत होत्या. लाजऱ्या दिसतात इथल्या बायका.

२ ऑक्टोबर

अंगठ्याची गंमत नव्हती. म्हाताऱ्यानं गावातल्यांच्या कानाखालच्या गाठी खरंच तशा काढल्यात. इवलासा छेद, आत अंगठा, झालं काम. ही गाठ कर्करोगाची नसते, पण तिची साल फार नाजूक. भोवतीच्या ग्रंथीसकट, चेहरा हलवणारी नस जपत ती काढावी लागते. साल फुटली की आतला चिकट गर सांडतो आणि काही वर्षांनी एका गाठीच्या जागी मणी उगवतात. मग पुन्हा अंगठा. तरी गाव त्यांच्या पाया पडतं, कारण व्रण दिसत नाही आणि पोरींची लग्नं जमतात. झुरा-एजे मला ऐकवतात, तुमच्या लांबलचक टाक्यांपेक्षा आमच्या अतांचा अंगठा बरा.

आज बुर्माकान आली. गावात कुणी गेलं की विलाप हीच गाते. तिच्या डाव्या कानाखाली मण्यांची माळच आहे. अतांनी तीनदा काढलीय. आता तोंड पुरतं उघडत नाही. मी म्हटलं, बिश्केकला जा, तिथे किरणांचा उपचारही आहे. पण तिची आई अंथरुणाला खिळलेली, शेवटचे दिवस मोजतेय. बुर्माकान म्हणाली, गाठ राहिली तर राहू दे डॉक्टर, तोंड वाकडं करू नका. आईचा विलाप मलाच गायचाय. दुसरीच्या तोंडून तो ऐकला तर ती थडग्यातून उठून मला शिव्या देईल. मी शब्द दिला.

१९ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. अता म्हणाले, बाजूला उभा राहतो. पांढऱ्या दाढीला नाही कसं म्हणायचं?

सकाळभर जुन्या व्रणांतून नस सोडवत होतो. एकेक मणी भोवतालच्या मांसासकट निघाला. नसेखाली शेवटचा एक उरला होता. तेवढ्यात अता म्हणाले, सर बाळा, मी बघतो. आणि माझा हात सरला. मी सरकवला नाही; दारात वडीलधारं माणूस आलं की आपण सरतो, तसा तो आपोआप सरला. अंगठा आत गेला. मणी फुटला. मी धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. मला स्वतःची किळस आली.

२५ ऑक्टोबर

बुर्माकान हसली. दोन्ही गालांनी. गाव अतांचं कौतुक करतंय.

९ नोव्हेंबर

मणी परत आले. याला वर्षं लागतात, आठवडे नाही. घाट बर्फानं बंद झालाय. ताज्या जखमेत नस सापडायची नाही, म्हणून मी सुरी लावायला नकार दिला. वाट पाहा म्हटलं. ती रुमाल ओढून निघून गेली.

१८ नोव्हेंबर

ती अतांकडे गेली होती. डावा गाल लोंबतोय, डोळा मिटत नाही. ओरडलो मी तिच्यावर. ती अर्ध्या तोंडानं म्हणाली, त्यांनी स्वतः बोलावलं, नाही कसं म्हणणार? मी तिच्या डोळ्यावर पट्टी बांधली.

२६ नोव्हेंबर

तिची आई गेली. विलापाला गेलो. शब्द ओठांच्या कोपऱ्यातून सांडत होते, एकही धड नाही. आईचं नावसुद्धा नाही. ती थांबून पुन्हा सुरू करायची, पुन्हा सांडायचं.

मग बाकीच्या बायकांनी साथ धरली. शोकात रुमाल कोण सांभाळतं? सगळ्यांचे सुटले. सगळ्यांचा डावा गाल मेलेला. झुरा-एजेंचाही. त्या पहिल्या संध्याकाळी कुणी लाजत नव्हतं.

२९ नोव्हेंबर

दाढी करताना बोटाला मणी लागला. कानाखाली, डावीकडे. हा रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही. होत नाही. मीच विद्यार्थ्यांना शिकवलंय—

३० नोव्हेंबर

आणखी दोन. कालचा मोठा झालाय. घाट बंद—

१ डिसेंबर

भर दुपार. अता आलेत. झुरा-एजेंनी सांगितलं असणार. बाहेरच्या खोलीत हात धुतायत. म्हणतात, घाबरू नकोस बाळा, व्रणसुद्धा दिसणार नाही.

दाराला आतून कडी आहे. चार पावलांवर. पण वडील माणूस दारात असताना कडी कशी—

पाणी थांबलं.

म्हणायचं, नको. एवढंच. नको अता, माझा मी—

आले. मी उठून उभा राहिलो. त्यांना बसायला जागा दिली. ते म्हणाले, उजेडाकडे मान कर, आणि मी मान—