आठवं पुट

वायरी, मालवण
ता. २२ मे १९५८

प्रिय सुगंधा,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा मथुरा आणि बाबली तुला दोन्ही बाजूंनी चिकटून बसलेली असतील. आधी त्यांना पोटभर बघून घे, मग हे वाच. उद्याच्या शेवटच्या बोटीने ती निघतायत. शेजारचा भिकाजी गिरणीवर परत चाललाय, त्याच्या सोबतीने पाठवतेय. परवापासून बोटी बंद, त्या पावसाळा सरल्यावरच सुरू व्हायच्या. तुझ्या पत्राला माझं उत्तर आलं नाही म्हणून तू रागावली असशील, घाबरलीही असशील. त्याचं कारण लिहिणार आहे, पण सरळ मुद्द्यावर यायला मला कधी जमत नाही, हे तू जाऊ म्हणून या घरात आलीस तेव्हापासून तुला ठाऊक आहे.

तुझं ऑपरेशन ठरलं आणि सत्यवान भावजी मुलांना इथे सोडून उलट्या पावली परत गेले. पहिला आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. चाळीतली मुलं ती. तिथे दार उघडलं की दहा सवंगडी, इथे दार उघडलं की माड. मथुरा पायरीवर बसून म्हणायची, इथे करमत नाही. बाबलीचं तर रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. कोंबड्यांच्या शेपट्यांना सुतळी बांधून झाली, विहिरीत ओरडून झालं, ह्यांच्या तपकिरीच्या डबीत राख भरून झाली. हे शिंकून शिंकून बेजार. मी ओरडले की तो जवळ येऊन हळूच विचारायचा, आईचं पोट कापताना दुखेल का? तेव्हा मला कळलं की नुसता कंटाळा नाही हा. हात रिकामे राहिले की मुलं तुझ्याच काळजीने झुरतात.

म्हणून मी त्यांना कामाला लावलं. लोक म्हणाले, पाहुण्या पोरांना राबवते, स्वतःला मूल नाही तर काय कळणार. म्हणोत. पडवीला पावसाची झड लागू नये म्हणून दरवर्षी माडाची चुडतं विणून बांधतो ना, ती मथुरा दोन दिवसांत विणायला शिकली. तिची वीण माझ्यापेक्षा घट्ट. बाबलीने फणसाच्या आठळ्या माती लावून कोपऱ्यात पुरल्या आणि रोज एक उकरून बघायचा, अजून आहेत ना म्हणून. जेवायला बसला की भाजीकडे बोट दाखवून सांगायचा, ही आठळी मी सोललेली. स्वतःच्या हातची भाजी मुलं ताटात टाकत नाहीत, हे मला या वयात कळलं.

मग रातांबे पिकले, कोकमांचा हंगाम आला. सोलं करायची म्हणजे आपल्या सासूबाईंची शिस्त तुला आठवतेच. रातांबा फोडायचा, साल वेगळी, रस वेगळा, रसात मीठ, त्यात साल बुडवायची आणि उन्हात वाळवायची. हे एक पुट. अशी सात. सहा पुटांचं सोल सासूबाई पाहुण्याला वाढत नसत. फोडायचं काम मी घेतलं, मीठ आणून घालायचं मथुरेकडे, कोंबड्या हाकायच्या बाबलीने. दोघांचे हात मनगटापर्यंत लाल. चार पुटं छान झाली. पाचव्या दिवशी मी बाजारातून येऊन बघते तर दोघांनी सगळी सोलं विहिरीच्या पाण्यात खळखळून धुतलेली! खळ्यातली धूळ बसली होती म्हणे, आणि आईने सांगितलंय की जमिनीवरचं धुतल्याशिवाय खायचं नाही. मीठ गेलं, रस गेला, दोन दिवसांत बुरशी आली. मी डोक्याला हात लावला आणि मग इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं मी रडते. बाबली माझ्या पदरात तोंड खुपसून म्हणाला, काकी, परत करू, पहिल्यापासून.

१० मे रोजी नवे रातांबे फोडले आणि त्याच दुपारी पोस्टमन तुझं पत्र देऊन गेला. हे दुकानावर होते. तू लिहिलं होतंस की घरी आलेय, भिंत धरून चालते, पण मुलं डोळ्यांसमोर असल्याशिवाय बरी व्हायची नाही. मिळेल त्या बोटीने पाठवा, आणि काही झालं तरी शेवटची चुकवू नका. मी ते उभ्यानेच वाचलं. खळ्यात दोघं जण किती पुटं झाली ते मोजायला भिंतीवर कोळशाने रेघा मारायच्या म्हणून भांडत होती. आणि सुगंधा, मी ते पत्र लपवलं.

कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. मुलांनी विचारलं, आईचं पत्र आलं? मी म्हटलं, येईल, आधी सोलं होऊ देत. रोज म्हणायची, उद्या सांगते. रोज भिंतीवरच्या रेघा मोजायची; मधे तीन दिवस ढगाळ गेले, रेघ वाढली नाही, तर मला बरंच वाटलं. चोवीस वर्षं या घरात सकाळी कुणी मला काकी म्हणून उठवलं नव्हतं. शेवटची बोट गेली की गणपतीपर्यंत मुलं माझी, असा हिशेब मी केला. तू भिंत धरून दाराकडे बघत असशील हे ठाऊक असून केला. माझी मला लाज वाटते.

परवा सातवं पुट वाळलं. सोलं अशी काळीभोर की सासूबाईंनीही नाव ठेवलं नसतं. मी एक हातात घेऊन दाबलं आणि म्हटलं, अजून ओलसर वाटतंय गो. मथुरेने ते माझ्या हातातून घेऊन दाबून बघितलं. ती आता बोलते आपल्यासारखीच. म्हणाली, "काकी, तुका होया तर आणि एक पुट घालूया. आये दोन दिस थांबात. पण शेवटची बोट चुकवूक नको गो." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. तुझं पत्र मी मिठाच्या बरणीमागे ठेवलं होतं, आणि मीठ आणायचं काम मीच तिला दिलं होतं. तिसऱ्या पुटाच्या दिवशीच तिला ते सापडलं, तुझं अक्षर तिने ओळखलं, वाचून तसंच परत ठेवलं. आठ दिवस ती पोर गप्प राहिली. बाबलीलाही बोलली नाही. का नाही विचारलंस म्हटलं, तर म्हणाली, "तू रडतलंस म्हणान."

आम्ही दोघींनी मिळून आठवं पुट घातलं. संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे चपला घालून तिकिटं आणायला गेले. सुगंधा, हे पत्र त्यासाठी. मी तुझे बारा दिवस चोरले आणि दहा वर्षांच्या तुझ्या मुलीने माझी चोरी झाकली, दोन्ही तुला कळायला हवं. तिला रागावू नकोस, ती माझ्यासाठी गप्प होती. मला वाटेल ते लिही, मी वाचेन. सोलांचा डबा बाबलीकडे आहे, तो बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढतानाही कुणाच्या हातात द्यायचा नाही म्हणतो. भिंतीवरच्या आठ रेघा मी सारवणार नाही. मला क्षमा केलीस तर पुढच्या चैत्रात मुलांना पाठव, आणि ती इथे असतील तेव्हा पत्र माझ्या नावाने टाकू नकोस, मथुरेच्या नावाने टाक.

तुझीच,
यशोदा