यंत्रातली पहिली ओळ

३ जून

माझ्या यंत्राचे दिवस भरले! मी रोजनिशी बोलते, ते लिहून घेतं. म्हटलं की वाचून दाखवतं. नातीनं बनवलंय. ज्या संगणकाच्या भाषेत बनवलं तिची नवी आवृत्ती निघाली, जुनीला आता कुणी विचारणार नाही म्हणे. म्हणजे माझ्यासारखंच, मी म्हटलं.

नात आता सगळं नव्या आवृत्तीत हलवतेय. त्यात एक ओळ तेवढी हरवायला नको — पहिली. ती माझी नाही, ह्यांची. यंत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, त्याच्या पुढ्यात हेच बसून बोलले. "बोल गं, हे तरी ऐकेल तुझं." ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. रोज सकाळी आधी ती ओळ ऐकते, मग चहा.

नातीला हे ठाऊक नाही. रोजनिशी वाचणार नाही असं तिनं कबूल केलंय. बरंच आहे — निम्मी तिच्याबद्दलच आहे.

६ जून

यंत्रातला प्रोग्राम परक्यांनी लिहून ठेवलेल्या तयार तुकड्यांवर उभा आहे. लायब्ररी म्हणतात त्यांना. बाकीच्यांनी आपापल्या लायब्ररी नव्या भाषेत आणून दिल्या, एकानं हात झटकले. त्याची आता नातच आणतेय. जुन्या भाषेत अक्षरं नि आकडे एकाच डब्यात चालायचे. नवीला वेगळे डबे हवेत. घरात सून आली की असंच होतं.

९ जून

"आजी, सगळी प्रश्नचिन्हं झाली गं." नात पांढरीफटक. मी पडद्याकडे पाहिलं. मला तर जन्मभर सगळी अक्षरं अशीच दिसतात, म्हटलं. हसली नाही.

११ जून

अक्षरं परतली. मी ऐकून तपासायचं. नात बाहेर जिन्यात, कानांवर हात. सगळं जागच्या जागी — पहिली ओळ सोडून! विचारलं.

"ती होय? चाचणीची होती. तसल्या ओळी मी काढून टाकल्या."

चहाही नको झाला.

१२ जून

शेवटी नातीला सांगितलं, ती ओळ ह्यांची होती म्हणून. ती म्हणाली, "आजी, ती ओळ मीच माझ्या मनानं टाइप केली होती. आजोबांचं बोलणं यंत्राला कळेचना."

"मग ते काय बोलले होते?"

"हे बंद कुठून करायचं?"

हसून हसून डोळ्यांत पाणी. हेच ह्यांचं! दोन्ही ओळी घालायला लावल्या — आधी ह्यांची, मग तिची.