अक्कांची डोंगरावरची खोली

ईट, ता. भूम, जि. उस्मानाबाद
फाल्गुन वद्य पंचमी, शके १९०६

तीर्थस्वरूप अनसूयाक्कांच्या चरणी धाकट्या मार्तंडचा साष्टांग नमस्कार.

इकडं मी खुशाल आहे (भुवया सोडून, त्यांचं पुढं येईल). तुमचे गुडघे कसे आहेत, झोप लागते का, चि. गोपाळकृष्णाची बदली टळली का, आणि सूनबाई चारुशीलाच्या शाळेनं तिला कायम केलं का, हे सगळं सवडीनं कळवावं. सोलापुरात नळाला एक दिवसाआड पाणी येतं म्हणून तुम्ही कुरकुर केली आहे. एक दिवसाआड म्हणजे चैन आहे अक्का. इथं आम्ही टँकरची वाट पाहतो आणि टँकर आमची पाहत नाही.

पाडव्याला येते, उन्हाळा तुझ्या डोंगरावर काढते, मन लागलं तर पुढचं पुढं, असं तुमचं पत्र आलं. ते मी तीनदा वाचलं. (ही गेल्यापासून माझ्याकडं कुणी येतो असं आधी कळवून आलेलं नाही. येतात ते अचानक, आणि चहा झाला की जातात.) तर त्या पत्राच्या उत्तरी कळवायचं ते एवढंच, की पाडव्याला येऊ नका. पाऊसकाळ उरकल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला या. घाबरण्यासारखं काही नाही. घर जागच्या जागी आहे, फक्त त्याला सध्या छप्पर नाही. दारंही नाहीत. हे असं का झालं ते सविस्तर लिहितो; पंचायत समितीत जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला थोडक्यात लिहिता येत नाही.

घर तुम्ही पाहिलेलं नाही. गावाच्या डोक्यावर जो डोंगर आहे, त्याच्या सपाटीवर दोन खोल्या आणि पुढं ओसरी. भिंती मातीत रचलेल्या दगडाच्या, वर पत्रा. मी त्याला 'शीतलछाया' असं नाव देऊन पाटी रंगवून घेतली. गावात त्याला 'भाऊसाहेबांचा डबा' म्हणतात. लोक पाण्यासाठी डोंगर उतरून खाली राहायला आले आणि हा माणूस रिटायर होऊन वर का चालला, हे गावाला कळलेलं नाही. मलाही ते नीट सांगता येत नाही. वारा चांगला असतो, एवढंच मी म्हणतो, आणि लोक मान हलवून दुसऱ्या विषयाकडं वळतात.

पण दोनपैकी एक खोली मी तुमच्या नावानं बांधली, हे मला नीट सांगता येतं. सोलापुरात तुम्ही मधल्या बोळात झोपता आणि पाहुणे आले की ते जाईपर्यंत स्वैपाकघरात बसून राहता. मुलं गुणी आहेत, सूनबाई तर फारच. पण घर लहान असलं की गुणी माणसांचीही कोपरं एकमेकांना लागतात. म्हणून म्हटलं, एक खोली अशी असावी की जिथं अक्कांनी कुणाला न विचारता पाय पसरून बसावं. उंबरा बुटका ठेवला, तुमच्या गुडघ्यांसाठी. देवांना कोनाडा ठेवला. खिडकी पूर्वेला ठेवायची म्हणून शरणप्पा गवंड्याला चारदा बजावलं, ती त्यानं पश्चिमेला ठेवली. विचारलं तर म्हणाला, सूर्य काय, सांजच्याला तिकडंच येतो की. मी वाद घातला नाही. खिडकी पाडली असती तर भिंतही तिच्यासोबत आली असती.

आता गवताचं सांगतो. गवत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. यंदा मृगात पाऊस असा पडला की डोंगरावर कमरेएवढं गवत झालं, आणि मग पाऊस जो गेला तो गेलाच. ज्वारी कणसातच करपली. कडबा नाही, पेंड नाही. ढोरांना आखाडापर्यंत जगवायचं तर ते या गवतावरच. म्हणून आमच्या दूध सोसायटीनं सगळ्यांनी मिळून निम्मा डोंगर कापला आणि गवताची भली मोठी गंजी रचली. ती रचायला सपाटी हवी. सपाटी माझ्या घराशेजारी. सोसायटीचे चेअरमन बब्रुवान यांनी इतक्या गोड शब्दांत विचारलं की मी हो म्हणालो (मी सोसायटीचा मानद सचिव आहे, मानद म्हणजे चहा आपल्या घरचा). तर गावच्या सगळ्या ढोरांचा चारा आमच्या भिंतीला टेकून उभा राहिला. भिंत गार राहील, या विचारानं मी खूश होतो. अक्कल असलेल्या माणसाला जो दुसरा विचार आला असता, तो मला आला नाही.

होळीच्या आदल्या दिवशी दुपारी मी तुमच्या खोलीत पडदा लावायला वर गेलो होतो. शरणप्पाच्या त्या पश्चिमेच्या खिडकीतून मला पलीकडच्या उतारावर धूर दिसला. रस्त्याचं डांबर तापवत असतील असं वाटलं, म्हणून मी पडद्याची दोरी ताणत राहिलो. मग धूर चालायला लागला. डांबराचा धूर चालत नाही, हे ध्यानात यायला मला जरा वेळ लागला. न कापलेल्या निम्म्या डोंगराला वणवा लागला होता आणि तो आमच्याकडं निघाला होता. (तो कुणी लावला याबद्दल गावाचं मत तयार आहे: पलीकडच्या गावानं. पलीकडच्या गावाचंही मत तयार आहे.)

जाळ दिसल्यावर माणसाचं डोकं कसं चालतं, ते मला त्या दिवशी समजलं. चालतच नाही. घरातलं काय वाचवावं म्हणून मी आत धावलो, आणि तुम्ही मुद्दाम लिहून मागितलेला पाटा उचलला. तो छातीशी धरून लांब उघड्या खडकावर नेऊन ठेवला. परत येऊन वरवंटा नेला. मग जात्याकडं वळलो. अक्का, तिन्ही दगड. गाद्या, रजया, तुमचं नवं अंथरूण, दोरीवरचे कपडे, सगळं आत राहिलं, आणि जे कधी जळणारच नाही तेवढं मी धापा टाकत वाचवलं. बब्रुवान वर पोचले तेव्हा जात्याची वरची तळी माझ्या मिठीत होती. त्यांनी काही विचारलं नाही, हे त्यांचे उपकार समजतो.

बब्रुवानांच्या मागं अख्खं गाव डोंगर चढत होतं. बायका, म्हातारी माणसं, सगळे. कुणाच्या हातात करंजाच्या फांद्या, कुणाच्या खांद्यावर रिकामी पोती. माझ्या घरासाठी एवढी माणसं उन्हातून धावत येताहेत हे पाहून मी मिठीतली तळी खाली ठेवली. आभाराचे चार शब्द बोलावेत म्हणून मी पुढं झालो. लोक माझ्या दोन्ही बाजूंनी पळत गेले आणि गंजीला वेढा घालून उभे राहिले.

घराशेजारी एक हौद आहे. टँकरवाल्याच्या विनवण्या करून तो मी तुमच्या येण्यासाठी भरून घेतला होता. हे पाणी पत्र्यावर ओता, असं मी ओरडून सांगितलं. तर विठाबाई हौदाच्या झाकणावर जाऊन बसल्या. (विठाबाई म्हणजे दोन म्हशींच्या मालकीण. माझा चहा त्यांच्या दुधावर चालतो. वय तुमच्याएवढंच, आवाज तुमच्या दुप्पट.) जाळावर पाणी ओतलं तर ढोरांनी काय प्यायचं, असा त्यांचा सवाल. पोती भिजवण्यापुरतं पाणी त्यांनी स्वतः मोजून दिलं आणि पुन्हा झाकणावर बसल्या. बाकी सगळं काम फांद्यांनी, पोत्यांनी आणि फावड्यांनी. गंजीभोवतालचं गवत उपटून जमीन उघडी केली. मीही हातात आला तो तुमचा पडदा घेऊन जाळ झोडपत होतो. भुवया तिथं गेल्या.

मग वारा फिरला. ठिणग्या उडून थेट गंजीवर यायला लागल्या. एक विझवावी तर दोन पडत होत्या. गंजी झाकल्याशिवाय वाचत नाही हे सगळ्यांना दिसत होतं, आणि झाकण्यासारखी एकच वस्तू त्या डोंगरावर होती. सगळ्यांनी माझ्या छपराकडं पाहिलं. बब्रुवान माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी पागोटं काढून हातात धरलं होतं. मी म्हणालो, "पाडव्याला आमच्या अक्का येणार आहेत."

विठाबाई झाकणावरून उठल्या.

"भाऊसाब, घर परत बांधता येतंय. गवत काय आता पावसाबिगर उगवत न्हाय. आन् तुमच्या अक्का आल्या तर त्येंना चा लागंल का न्हाय? दूध कुठनं घालनार?"

मी गप्प राहिलो. सोसायटीच्या सभेत गप्प राहणाऱ्याची संमती धरतात, तशी ती इथंही धरली गेली आणि पत्रे उतरले. ते चढवायला शरणप्पानं महिना लावला होता. उतरवायला तोच सगळ्यांत पुढं होता आणि त्याचा हात असा चालला की मला त्या महिन्याचं गौडबंगाल अजून उलगडलेलं नाही. पत्रे गंजीवर गेले. दारं काढून वाऱ्याच्या बाजूला उभी केली. वणवा आला. ओसरी गेली, छपराचे वासे गेले, गाद्या, रजया आणि 'शीतलछाया'ची पाटी गेली. उघडी जमीन, वरचे पत्रे आणि मधली दगडी भिंत यांमुळं गंजीला मात्र त्यानं नुसता वळसा घातला आणि दिवेलागणीला तो पलीकडच्या घळीत उतरून विझला. गंजी वाचली. सगळे खोकत होते आणि हसत होते. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मीही हसलो. मग बिनछपराच्या भिंतींकडं पाहिलं आणि खडकावर त्या पाट्याशेजारी जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी होळी होती. गावानं एकच गोवरी पेटवून नमस्कार केला.

आजची स्थिती अशी. डोंगर काळा पडलाय, चरायला काही नाही. त्यामुळं ढोरं गंजीजवळच बांधतात, आणि गंजीजवळ आडोसा म्हणजे आपलं घर. पत्र्यांचं काय करायचं ते सोसायटीनं, तिच्या रिवाजाप्रमाणं, अजून ठरवलेलं नाही. तुमच्या खोलीत परवा विठाबाईंची म्हैस व्यायली. बुटका उंबरा तिला सोयीचा पडला म्हणतात. तुमच्यासाठी बांधलेल्या खोलीत तुमच्या आधी म्हैस राहायला गेली, हे समोर बसून सांगायचा मला धीर झाला नसता. विठाबाईंनी वाटीभर खर्वस पाठवला. तो खाता खाता मला रडू आलं, खरंच आलं. घरासाठी आलं, तुमच्यासाठी आलं, की खर्वस इतका चांगला झाला होता म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

खाली गावात माझी जुनी भाड्याची एक खोली आहे, सध्या तिथंच राहतो, पण तिथं तुम्हाला चुलीपलीकडं अंथरूण घालावं लागेल. एका बोळातून उठवून दुसऱ्या बोळात तुम्हाला आणायचं माझ्या मनाला पटत नाही. म्हणून दसऱ्याला या. चि. गोपाळकृष्णास व सूनबाईस आशीर्वाद सांगावेत. चुकलंमाकलं लहान भाऊ म्हणून पदरात घ्यावं.

तुमचा,
मार्तंड

ता. क. पाटा-वरवंटा शाबूत आहेत. जात्याची वरची तळी गडबडीत उतारावरून घरंगळली आणि ओढ्यात फुटली. मी स्वतः वाचवलेल्या वस्तूंपैकी तेवढं एकच नुकसान.

ता. क. दुसरा. वर मी गप्प राहिलो असं लिहिलंय, ते बरोबर नाही. विठाबाईंचं बोलणं झाल्यावर मीच आतून पाना आणला आणि सगळ्यांच्या आधी भिंतीवर चढलो. पहिला बोल्ट मी काढला, आणि तो तुमच्या खोलीवरचा होता. गावकऱ्यांनी पत्रे काढले असं लिहिलं तर तुमचा राग सगळ्यांत वाटला जाईल, असा हिशेब होता. पण त्या माणसांचे हात मी पाहिलेत अक्का, फोड आलेले. त्यांच्यावर ढकलणं जिवावर आलं. तुमचं छप्पर तुम्हाला न विचारता मी दिलं. रागवायचं तर एकट्या माझ्यावर रागवा.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवून एसटी स्टँडकडं निघालो होतो, वाटेत बब्रुवानांनी सभेला ओढून नेलं. पाकीट पुन्हा फोडून लिहितो आहे. सोसायटीनं ठरवलंय की डोंगरावर आता जळायला काही उरलेलं नाही, तेव्हा पत्रे भाऊसाहेबांना परत. वाशांना बब्रुवानांच्या बांधावरची बाभूळ. शरणप्पानं काम मागून घेतलंय. अक्कांची खोली आधी, पाडव्याच्या आत. म्हैस हलवून बायका ती सारवून देणार. मी आभार मानायला उभा राहिलो, तर विठाबाईंनी भर सभेत विचारलं, "भाऊसाब, चार दिसाच्या पाव्हनी म्हनून येनार, का ऱ्हायला? पाव्हनी आसतील तर माझ्या वसरीत झोपत्याल. ऱ्हानार आसतील तर आमी हात लावतो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. विचारून कळवतो, असं म्हणायला हवं होतं. जन्मभर तेच म्हणत आलो. माझ्या तोंडून निघालं, राहायला येणार आहेत, कायमच्या. लोक लगेच उठून बाभळीकडं गेले सुद्धा.

अक्का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नव्हतं. उन्हाळ्यापुरतं येते असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा पुढचं विचारायची भीती वाटली. नाही म्हणालात तर उन्हाळाही जाईल, असं वाटलं. एकटं राहणं मला जमत नाही अक्का. तेव्हा दसऱ्याचं वर लिहिलेलं सगळं रद्द समजा. पाडव्याला याच, बार्शीला गाडी बदला, खाली स्टँडवर बब्रुवानांची बैलगाडी उभी असेल. आणि अख्ख्या गावासमोर बोलून बसलोय, मला तोंडघशी पाडू नका.