तिसऱ्या क्वार्टरचे दोन पॉइंट

रविवार, २ फेब्रुवारी

फ्लॉइडचं अपेंडिक्स काढलं! काल दुपारी पोटात कळ, संध्याकाळी ऑपरेशन. आता बरा आहे, माझा नवरा ऑस्वल्ड त्याच हॉस्पिटलच्या लॅबमधून निघताना वॉर्डात डोकावून आला. पण फ्लॉइड म्हणजे आमच्या कॉलेजचं अख्खं स्पोर्ट्स ऑफिस! आणि चौदा-पंधराला मुलींच्या बास्केटबॉलच्या दोन मॅचेस इथे दोह्यात, आमच्याच हॉलमध्ये. मस्कतचं कॉलेज येतंय. दोन्ही दिवस तीच टीम.

कोच ऑलिव्हिया सकाळी सकाळी माझ्या डेस्कपाशी. "जेन, तुझं अक्षर चांगलं आहे ना?"

मी म्हटलं, हो. तिथेच फसले.

स्कोअरर! मी! एकोणीस वर्षं स्टुडंट अफेअर्समध्ये फॉर्म तपासतेय. बास्केटबॉल म्हणजे बॉल जाळीत टाकायचा, याच्यापुढे मला काही ठाऊक नाही. ऑलिव्हिया म्हणते, "फॉर्मच भरायचाय गं. फक्त मुली पळत असताना." वांद्र्याची बाई, गोड बोलून काम काढून घेते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

फ्लॉइडचा फोनवर क्लास. लाल पेन पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला, निळं दुसऱ्या आणि चौथ्याला. बास्केट झाला की आकड्यावर तिरकी रेघ. तीन पॉइंटचा असेल तर खेळणाऱ्या मुलीच्या नंबरला गोल. रेफरीने तीन बोटं दाखवली की तीन. मी विचारलं, "आणि मला शिंक आली तर?" हसला आणि कळवळला. टाके! फोन बंद केला बिचाऱ्याने.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रॅक्टिसला बसले. अकरा चुका.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज चारच.

मुली छान आहेत. नऊच जणी. कॅप्टन जिक्रा, आई-वडील रत्नागिरीचे, बिन महमूदला राहतात. माझ्याशी मराठीत बोलते, घरची मराठी! "आंटी, तुमी घाबरू नका हां, आमी पण घाबरलेलो पयल्या वर्षाला." सहा फुटी हिबा सुदानची. जाळीखाली ती उभी राहिली की भिंतच. पण फाउल फार करते. पाच झाले की त्या मॅचमधून बाहेर, हे मला आता पाठ झालंय, कारण प्रत्येक वेळी पाचवा फाउल हिबाचाच असतो.

पाणी पिताना जिक्राने सगळं समजावलं. मस्कतला दोन्ही मॅचेसमध्ये हरवलं तर फायनल. एक जरी हरलो तर मस्कत फायनलला. आपलं कॉलेज एकदाही फायनलला गेलेलं नाही. "आणि मे महिन्यात मी ग्रॅज्युएट होणार आंटी. मंग संपलाच." हसत म्हणाली, पण लगेच बाटली तोंडाला लावली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

स्पोर्ट्स डेची सुट्टी. बाहेर सगळं दोहा धावतंय. घरी आमच्या हॉलमध्ये लेकीने, सॅन्ड्राने फरशीवर चिकटपट्टीने अर्धवर्तुळ काढलं – ही थ्री-पॉइंटची रेषा. सोफ्याच्या उशीचा बॉल, कपडे टाकायची टोपली ही जाळी. ऑस्वल्ड खेळाडू, सॅन्ड्रा रेफरी, मी डायनिंग टेबलावर लाल-निळी पेनं घेऊन. ऑस्वल्डने बावन्नाव्या वर्षी उडी मारली आणि उशी सरळ कढीत! सॅन्ड्रा लोळून लोळून हसली. "मम्मा, राइट इट डाउन! टू पॉइंट्स!"

पोरगी सोळाची झाल्यापासून माझ्याबरोबर इतका वेळ एका खोलीत बसली नव्हती.

बुधवार, १२ फेब्रुवारी

एक चूक. एकच!!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मस्कतची टीम आली. कागदपत्रं तपासायचं काम माझंच. त्यांच्यातली सात नंबर – जिया, केरळची, जन्मापासून मस्कतला. एवढीशी चण, पण दुरून नेम धरते म्हणे. रजिस्ट्रेशनला ओळखपत्राचा फोटो मागितला तर मोबाइलमध्ये सापडेना. रडकुंडीला आली. मी म्हटलं, "आराम से ढूँढो बेटा, मैं यहीं हूँ." दहा मिनिटांनी सापडला. मला मिठीच मारली तिने! समोरच्या टीमची मुलगी! ऑलिव्हिया लांबून डोळे वटारत होती.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

जिंकलो! जिंकलो!! ४७–४६!!!

चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेला माझं लक्षच नव्हतं. देव क्षमा करो. मनात नुसत्या तिरक्या रेघा. तीनला मॅच. हॉल बऱ्यापैकी भरलेला. जिक्राची आई ताहेरुन्निसाभाभी मोठा डबा घेऊन पहिल्या रांगेत, शेजारी ऑस्वल्ड आणि सॅन्ड्रा.

दुसऱ्या क्वार्टरपर्यंत प्रत्येक रेघ दोनदा तपासत होते. मग विसरले. खरंच विसरले की मी जेन आहे, एकोणपन्नास वर्षांची, वसईच्या गासची! नुसते नंबर, रेघा, फाउल. शेवटच्या क्वार्टरमध्ये हिबाचे पाच फाउल, ती बाहेर. आता हरणार असंच वाटलं. दोन पॉइंटनी मागे, शेवटची बारा सेकंदं. जिक्राने रेषेबाहेरून फेकला – तीन! रेफरीचे दोन्ही हात वर. मी गोल काढला तो कागद फाटेल इतका जोरात.

रेफरीने शीटवर सही केली. माझी पण सही! भाभींनी मला खेचून घेतलं आणि तोंडात घावण्याचा तुकडा कोंबला. "खा गं बाय, तू पण खेळलीस!"

उद्याची एक जिंकली की फायनल.

शनिवार, १५ फेब्रुवारी, सकाळी

नको व्हायचं ते झालंय.

नाश्त्याला सॅन्ड्रा मोबाइलवर कालच्या क्लिप दाखवत होती. तिसरा क्वार्टर. जिया दुरून बॉल फेकते, जाळीत जातो. कडेला रेफरी – एक हात वर, तीन बोटं सरळ. पुढे काहीच दिसत नाही, कारण सॅन्ड्राने मोबाइल आमच्या मुलींकडे वळवला.

मी शीटची कॉपी काढली. तिसरा क्वार्टर, लाल पेन. सात नंबर. दोन पॉइंट. गोल नाही.

तीन बोटं होती. मी दोन लिहिले. म्हणजे ४७–४७. म्हणजे आम्ही जिंकलोच नाही.

फ्लॉइडला फोन केला. तो म्हणतो, "आंटी, एक हात म्हणजे तीनचा शॉट मारलाय एवढंच. तीन दिले तर रेफरी दुसरा हातही वर करते. तो केला का?" मला आठवत नाही! मी मान खाली घालून लिहीत होते! रेफरीला फोन लावला. ती म्हणाली, "मॅडम, चाळीस मिनिटांत शंभर सिग्नल दिले मी. सही झालीय, खलास."

ऑस्वल्ड अंडं सोलत होता. "सही झालीय ना? मग सोड." मग माझ्याकडे बघितलं. अंडं ताटलीत ठेवलं. "नाही सोडणार तू. चल, गाडी काढतो."

शनिवार, १५ फेब्रुवारी, संध्याकाळी

क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं एकात एक मिसळेल.

बाराला पोचलो. ऑलिव्हियाला क्लिप दाखवली. तिने तीनदा बघितली. "दुसरा हात दिसत नाही."

"नाही दिसत."

"तीन असते तर त्यांची कोच गप्प बसली असती?"

"क्लिपमध्येच बघ ना, त्या वेळी ती बदली खेळाडूला समजावत होती गं. तिची पाठ होती."

"जेन, या पोरी सप्टेंबरपासून रोज चार वाजता..." खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मी नाही ठरवणार. त्यांना सांग. तूच सांग."

चेंजिंग रूममध्ये नऊ जणी बुटांच्या नाड्या बांधत होत्या. गाणी चालू, हिबा बाकावर चढून नाचत होती. मी सांगितलं. इंग्लिशमध्ये, जमेल तसं. गाणं कुणीतरी बंद केलं. हिबा खाली उतरली. एक जण म्हणाली, "पण आंटी, नक्की नाही ना?" मी म्हटलं, नक्की नाही. तेच तर वाईट.

असं वाटत होतं की कुणीतरी ओरडावं माझ्यावर.

जिक्रा बराच वेळ नाडीच बांधत होती. मग मराठीत, फक्त मला – "आंटी, टाय झाली तर काय करतात?"

"पाच मिनिटं जास्त खेळतात."

"मंग खेळू या ना."

आणि उठली. सगळ्यांना इंग्लिशमध्ये विचारलं. हात वर झाले – एक, दोन, पाच... हिबाचा सगळ्यात शेवटी, कारण तिला माहीत होतं, कालचे पाच फाउल म्हणजे त्या पाच मिनिटांत ती बाकावरच.

जिक्रा मस्कतच्या मुलींकडे गेली. माझा हात धरून गेली! त्या सगळ्या एका बाजूला चिप्स खात बसल्या होत्या. मी पुन्हा सगळं सांगितलं. स्पर्धा भरवणाऱ्या कॉन्फरन्सच्या मॅडमना फोन गेला, त्यांनी अर्धा तास कुणाकुणाला विचारलं, शेवटी म्हणाल्या, दोन्ही टीम राजी असतील तर खेळा. मी मस्कतच्या कोचला म्हटलं, आज टेबलावर दुसरं कुणीतरी बसवा. पन्नाशीची उंच बाई, कालपासून एकदाही हसली नव्हती. म्हणाली, "नो नो. यू सिट."

बसले. साडेतीनला पाच मिनिटं.

हरलो. ५२–५४.

हिबाशिवाय जाळीखाली कुणी नव्हतंच. जियाने दोनदा दुरून फेकला आणि दोन्ही वेळा तीन. दोन्ही हात वर. मी आधी बघितलं, मग लिहिलं. आता हेच करणार आयुष्यभर. जिक्राचा शेवटचा बॉल रिंगवर फिरला, फिरला, आणि बाहेर पडला. भाभींनी डोळे मिटून घेतले होते, त्यांनी तो बघितलाच नाही.

फायनल गेली.

वीस मिनिटं ब्रेक, मग आजची खरी मॅच. वाटलं, या आता कशाला पळतील! ऑलिव्हियाने एकच वाक्य सांगितलं, "हॉल आपला आहे, लोक आपले आहेत. यल्ला, चला!" आणि पोरी अशा खेळल्या, अशा खेळल्या की लिहून हात दुखला! ४४–३९. जिंकलो! हिबाचे फाउल फक्त तीन! टाळ्या वाजवून वाजवून ऑस्वल्डचा घसा बसला – म्हणजे ओरडून बसला, टाळ्या वेगळ्या. मस्कतच्या मुलींनीही उभं राहून टाळ्या वाजवल्या. जिया सोडून. ती बुटांकडे बघत बसली होती. हरल्याचं वाईट वाटलं असेल बिचारीला.

निघताना जिक्रा आली. डोळे लाल. मी म्हटलं, "माफ कर गं बाळा."

"काय आंटी तुमी पण!" म्हणाली. "माज्या शेवटच्या वर्षाला एक मॅच जास्त खेळायला भेटली ना?"

गाडीत बसल्यावर मी रडले. सॅन्ड्रा मागून पुढे वाकली, माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बसली. घरापर्यंत.

रविवार, १६ फेब्रुवारी

ऑफिस. फॉर्म. कँटीनमध्ये हिबाने दुरून हाक मारली, "कोच जेन!" सगळं कँटीन वळून बघायला लागलं. लाजले. मग लक्षात आलं, मी हसतेय.

फ्लॉइड गुरुवारपासून कामावर येणार. म्हणजे माझं काम संपलं. जरा चुकल्यासारखं वाटतंय.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ऑफिसच्या मेलवर जियाचा मेल. उभ्यानेच वाचला.

"मॅडम, तिसऱ्या क्वार्टरच्या शॉटला माझा पाय रेषेवर होता. पाय टेकला तेव्हाच मला कळलं होतं. रेफरीनेही दुसरा हात वर केला नव्हता. दोनच पॉइंट होते, तुम्ही बरोबर लिहिले होते. तुम्ही आमच्यासमोर उभ्या राहून बोललात तेव्हा मी गप्प बसले. दोन दिवस जेवण जात नाहीये. आज कोचला सांगितलं. त्यांनी लगेच कॉन्फरन्सला लिहिलं – शुक्रवारची मॅच तुमची आहे. सॉरी."

दोनच होते!

मेल ऑलिव्हियाला दाखवायला जिने धावत उतरले, लिफ्टची वाट बघवेना. ती आधी हसली, मग रडली, मग नाक पुसून ग्रुपवर टाइप करायला लागली. मी खांद्यावरून वाचलं – "येत्या शुक्रवारी फायनल. उद्या चार वाजता प्रॅक्टिस. सगळ्या जणी."